उजेडाची नाडी

रस्ता ओलांडायच्या खांबावर जो हिरवा माणूस पेटतो, तो त्या सकाळी पेटलाच नाही. म्हणजे पेटला असणार, कारण तिच्या दोन्ही बाजूंनी माणसं भराभरा उतरून पलीकडे निघाली, कुणीतरी तिच्या पिशवीला धक्का देऊन "अहो, चला की!" असंही म्हणालं; पण ती जागची हलली नाही. डाव्या डोळ्यात कचरा गेला होता, तो डोळा ती रुमालानं चोळत होती आणि उरलेल्या उजव्यानं खांबाकडे बघत होती. खांब होता. काळा डबा होता. डब्यात माणूस असायला हवा तिथे काही नव्हतं. अंधार नव्हता, डागही नव्हता, नुसतं काही नव्हतं. तिनं नजर जराशी सरकवून शेजारच्या पाटीवर नेली, आणि स्वारी हजर! हात हलवत, पाय टाकत, अगदी ऐटीत. पुन्हा सरळ बघितलं, पुन्हा पसार. असं तिनं तीनचारदा केलं. मग रुमाल उजव्या डोळ्यावर धरला आणि पाणावलेल्या डाव्यानं बघितलं, तर तोवर माणूस लाल होऊन उभा राहिला होता आणि गाड्या सुटल्या होत्या. ती पदपथाच्या कडेला तशीच उभी राहिली. हे कशामुळे झालं ते तिला पुरतं कळलं होतं.

दुसरं कुणी असतं तर म्हणालं असतं, वय झालं, मोतीबिंदू असेल, चष्म्याचा नंबर वाढला असेल. साठीला दोन वर्षं कमी असलेल्या बाईनं असं म्हणायला हरकत नव्हती. पण ही पडली लेसरवाली. सगळा जन्म तिनं उजेडाचे तुकडे पाडण्यात घालवलेला. तेही असे तसे तुकडे नव्हेत. पापणी लवते तेवढ्या वेळात मावणारे हे स्पंद कुणी एकेक करून मोजायला बसलं, तर मोजणाऱ्याच्या पिढ्यान्‌पिढ्या सरतील आणि मोजणी संपायची नाही, इतका एकेक स्पंद आखूड. आणि गंमत अशी की हा उजेड दिसायला अगदी गरीब. फिकट तांबडा, विझत आलेल्या निखाऱ्यासारखा. डोळ्याला त्यातला कणभरच दिसतो, बाकीचा न दिसता आत शिरतो. नवीन पोरापोरींना ती पहिल्याच दिवशी बजावून सांगायची, "झगझगीत उजेडाला भिऊ नका. तो दिसला की पापणी आपसूक मिटते. भ्यायचं ते या गरीब दिसणाऱ्याला. हा डोळ्याला म्हणतो, मी एवढासा तर आहे, बघ की! आणि डोळा बघतो." पोरं हसायची. तीही हसायची. आणि आता गेल्या आठवड्यातली ती एक लकाकी तिला आठवली: आरशाची चकती फिरवायला हात पुढे केला होता, उजव्या डोळ्यात बाजूनं काहीतरी तांबूस चमकून गेलं होतं, आणि ती क्षणभर थांबून, "असेल काहीतरी" म्हणून पुन्हा कामाला लागली होती. असेल काहीतरी! इतक्या वर्षांची शहाणी बाई, आणि असेल काहीतरी!

डोळ्यांचा डॉक्टर तिच्या विद्यार्थ्यांच्या वयाचा होता. त्यानं औषध घालून बुबुळ मोठं केलं, हनुवटी टेकवायला लावली, आणि बराच वेळ आत बघत बसला. डॉक्टर गप्प बसला की समजावं, ही गोष्ट तिला आईनं शिकवली होती. आई नर्स होती.

"भाजलंय," तो शेवटी म्हणाला. "अगदी मध्यावर. कुठे लागलं?"

"कामावर. भरून येईल?"

"मॅडम, खरं सांगू का, नाही. आजूबाजूची सूज उतरेल, पण मधलं तेवढं गेलं. दोन्ही डोळे उघडे असले की डावा ते भरून काढतो, म्हणून तुम्हाला इतके दिवस पत्ता लागला नाही. कापडाचं भोक रफू करतात ना, तसं. आता डाव्याला जपा. आणि ऑफिसात कळवा."

"कळवते," ती म्हणाली, आणि काळा चष्मा लावून बाहेर पडली. बाहेर ऊन होतं. फाकलेल्या बुबुळांनी सगळा रस्ता पांढराफटक दिसत होता, माणसं त्यात नुसती हलत होती. कळवते म्हणणं सोपं होतं. कळवलं की काय होणार हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? नियम तिनंच लिहिला होता. संस्थेच्या समितीवर बसून, चहा पीत पीत, स्वतःच्या अक्षरात: ज्याचा एक डोळा जायबंदी झाला, त्यानं पुन्हा लेसरच्या खोलीत पाऊल ठेवायचं नाही, कारण गमवायला त्याच्याकडे आता एकच उरला. समितीतल्या एकानं "हे जरा कडक नाही होत?" असं विचारलं होतं, तर तिनं त्याला चारचौघांत झाडलं होतं. आता भोग! करावे तसे भरावे, दुसरं काय. खोली गेली म्हणजे काय गेलं, हा हिशेब ती रस्त्यानं चालताना करू लागली आणि लगेच संपवला, कारण खोलीबाहेरचं म्हणून बाजूला काढून ठेवण्यासारखं काही निघेना. घर होतं, पण घरात ती झोपायला जायची. मैत्रिणी होत्या, त्यांना नातवंडं झाली होती. दादा-वहिनी होते, दुसऱ्या गावी. आणि आई होती, ती दीड महिन्यापूर्वी गेली.

ती नवी होती तेव्हा या खोलीच्या दाराबाहेर एका स्टुलावर स्टीलची वाटी ठेवलेली असायची. अजूनही ठेवलेली असते. स्टूल बदललं, वाटी तीच. आत जाण्याआधी अंगठ्या, घड्याळं, बांगड्या, गळ्यातलं, चमकणारं जे जे काही असेल ते काढून त्या वाटीत टाकायचं. टेबलावरून किरण धावत असतात. एखाद्या अंगठीवर पडला तर तो कुठे उडेल आणि कुणाच्या डोळ्यात शिरेल, सांगता येत नाही. तिनं पहिल्याच आठवड्यात घड्याळ काढून वाटीत टाकलं, संध्याकाळी घ्यायला विसरली, दुसऱ्या दिवशीही विसरली, आणि मग म्हणाली, कशाला ती रोजची काढघाल. तेव्हापासून तिच्या अंगावर धातूचा कण नाही. वेळेचा एवढा बारीक तुकडा मोजणारी बाई स्वतः मात्र कुठेही वेळेवर पोचत नसे, यावर संस्थेत विनोद होते. एकदा एक जण तिची वाट बघत हॉटेलात बसला होता. चांगला होता, हसरा होता, तिला आवडतही होता. तो बसला, चहा झाला, दुसरा चहा झाला, आणि ती इथे एका आरशाला केसभर इकडे, केसभर तिकडे करत होती. बाहेर आली तेव्हा पहारेकऱ्यानं दिवे मालवायला घेतले होते. त्या माणसानं पुढे काही भांडण वगैरे केलं नाही, नुसतं बोलावणं बंद केलं. आई तेव्हा म्हणाली होती, "घुबडे, अगं निदान एक घड्याळ तरी घाल. मनगट कसं ओकं ओकं दिसतं." लहानपणी ती रात्री पांघरुणात टॉर्च लावून बोटांतून येणारा लाल उजेड बघत बसायची, म्हणून आईनं ठेवलेलं हे नाव. जगात तिला घुबड म्हणणारं एकच माणूस होतं.

आईला तिचं काम कळत नव्हतं असं म्हणणं सोपं आहे. ती स्वतःही तसंच म्हणायची. पण आईनं शेजारणींना सांगताना जे वाक्य तयार केलं होतं, तसं संस्थेच्या संचालकांनाही जमलं नसतं. "मी माणसांची नाडी बघत आले, आमची ही उजेडाची बघते. धंदा एकच." आईच्या मनगटावर कायम ते चावीचं घड्याळ, चपट्या स्टीलच्या पट्ट्याचं, सेकंदाचा काटा मोठा असलेलं. दोन बोटं रोग्याच्या मनगटावर, डोळे काट्यावर. निवृत्त झाल्यावरही कुणी नुसतं भेटायला आलं तरी आईची बोटं त्याच्या मनगटाकडे जायची. एकदाच आई खोली बघायला आली होती. दाराशी वाटी बघून तिनं काही न विचारता घड्याळ काढून ठेवलं. "आम्हीसुद्धा काढतो, ऑपरेशनच्या आधी," ती म्हणाली. मग आत, हिरवट काचांचा जाड चष्मा नाकावर सांभाळत, आई टेबलाभोवती फिरली. आरसे, भिंगं, स्फटिक, काळे पडदे.

"दिसत तर काहीच नाही गं."

"चष्मा घातला की नाही दिसत, आई. चष्मा त्याचसाठी असतो."

"मग तू कशी बघतेस?"

ती तेव्हा हसली होती. कारण उत्तर असं होतं की ती चष्मा कपाळावर सरकवून बघते. क्षणभरच. सगळेच करतात, निदान जुनी माणसं तरी. या कामातली खरी गोम हीच आहे. स्पंद इतका आखूड की त्याला मोजायला त्याच्याहून आखूड काही मिळत नाही, म्हणून त्याचीच दोन शकलं करायची. एक सरळ सोडायचं, दुसऱ्याला जरा लांबच्या वाटेनं फिरवून आणायचं, आणि दोघांची गाठ एका स्फटिकात घालायची. दोघं अगदी एकाच क्षणी पोचले, तरच त्या दोन तांबड्या ठिपक्यांच्या मधे तिसरा, निळा ठिपका उमटतो. एक केसभर उशिरा आला तर नाही. मग बसा आरसा सरकवत, पुढे, मागे, पुढे. नवख्यांना तो निळा ठिपका सापडायला आठवडे लागत. तिला तासाभरात सापडायचा. "मॅडमच्या हाताला गुण आहे," म्हणायचे सगळे. हाताला कसला गुण! चष्मा वर करायची, इतकंच. ती लकाकी आली तेव्हाही तो कपाळावरच होता. इतक्या वर्षांत शेकडो वेळा तिनं तो ठिपका पाहिला असेल, तरी दर वेळी छातीत काहीतरी हलायचं. दोघं आले, भेटले. आणि ते सांगायला कुणी नसायचं.

नाही, हे खोटं आहे. सांगायला होतं की. रोज संध्याकाळी आईचा फोन यायचा. "काय गं घुबडे, आज काय दिसलं?" हा ठरलेला प्रश्न. आणि तिचं ठरलेलं उत्तर, "काही नाही गं आई. तुला नाही कळायचं." "नाही कळलं तरी चालेल, तू बोल." "दमलेय गं. उद्या बोलू." मग आई आपलं सांगायची: गुडघा, पाण्याची वेळ, समोरच्या घरातलं भांडण, आणि ती हं हं करत समोरच्या कागदावर आकडे लिहीत राहायची. आई हुशार. हं कुठलं खरं आणि कुठलं खोटं तिला बरोबर कळायचं. रोग्यांची नाडी बघितलेली बाई ती. तरी दुसऱ्या दिवशी फोन यायचाच. आई गेली त्या दिवशी दादाचा फोन किती तरी वेळ वाजत होता म्हणे. फोनही खोलीच्या बाहेरच ठेवायचा असतो. आत त्या दिवशी ठिपका फार सुरेख उमटला होता.

हे सगळं तिनं डॉक्टरकडून परतल्यावर घरातल्या खुर्चीत बसून पुन्हा एकदा आठवलं, जणू कुणी विचारणार होतं. कुणी विचारणार नव्हतं. दिवा लावायचं राहून गेलं होतं. तिनं डावा डोळा झाकून खोलीतली एकेक वस्तू मधोमध बघायचा प्रयत्न केला: दाराची कडी गेली, भिंतीवरच्या फोटोतला आईचा चेहरा गेला, नुसता पदर आणि केस राहिले. ती घाबरून फोटोच्या चौकटीकडे बघू लागली, तेव्हा आई परत आली. मग ती रडली. आई गेल्यावर ती रडली नव्हती, आणि वहिनीनं त्यावरून दादाला काहीतरी कुजबुजलेलं तिनं ऐकलं होतं. आता रडली ती स्वतःसाठी की आईसाठी, ते तिचं तिलाही ठरवता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सुटी होती, आणि तिच्या डोक्यात एक गोष्ट खिळा ठोकल्यासारखी बसली होती. तो भटका किरण अजून खोलीत होता. कुठल्या तरी स्क्रूवरून, कुठल्या तरी नळीच्या कडेवरून तो उडत होता, आणि सोमवारी तिथे टकळी येणार होती. टकळी म्हणजे तिची विद्यार्थिनी, शेवटची. हिच्यानंतर नवीन घ्यायची नाही असं तिनं सांगून टाकलेलं. पोरगी गुणी, पण तोंडाला खळ नाही, म्हणून सगळी संस्था तिला टकळी म्हणायची आणि तीही ओ द्यायची. तिच्या प्रबंधाचं शेवटचं मोजमाप राहिलं होतं. कळवलं तर किरण सापडेपर्यंत खोलीला कुलूप लागणार, पोरीचं वर्ष वाया. न कळवलं तर पोरीचा डोळा. तिनं तोडगा काढला: आपणच तो किरण शोधायचा, बुजवायचा, आणि मग बघू. 'मग बघू' म्हणताना तिला स्वतःचा आवाज लबाड वाटला, पण ती निघाली.

रिकाम्या संस्थेत तिच्या चपलांचा आवाज फार मोठा येत होता. तिनं चष्मा घट्ट बसवला, या वेळी पट्ट्यासकट. पडदे ओढले, यंत्र सुरू केलं, आणि कॅमेरा घेऊन टेबलाच्या कडेकडेनं फिरू लागली. या कॅमेऱ्याच्या पडद्यावर तो गरीब उजेड पांढराशुभ्र दिसतो. प्रत्येक आरसा तपासला, मागून, पुढून. प्रत्येक स्क्रू. सगळं जागच्या जागी, सगळ्याला काळी टोपी, कुठे म्हणून फट नाही. अशी स्वच्छ मांडणी बघून तिला स्वतःचंच कौतुक वाटलं आणि रागही आला. मग किरण आला कुठून? आकाशातून पडला? दुपार झाली. शेवटी वैतागून ती त्या दिवशी उभी होती तिथेच उभी राहिली, आणि तेव्हा केलं होतं तेच करायचं ठरवलं. उजव्या हातात कॅमेरा धरून डावा हात पुढे केला, चकतीपर्यंत. आणि कॅमेऱ्यात, समोरच्या काळ्या पडद्यावरून एक पांढरा ठिपका सर्रकन धावत गेला. ती दचकली. ठिपकाही दचकला. हात मागे घेतला, तो नाहीसा. पुढे केला, तो पुन्हा आला, थेट डोळ्याच्या उंचीवर. तिनं हात हळूच फिरवला. ठिपका पडद्यावर हळूच फिरला. अगदी आज्ञाधारक.

तिनं मनगटाकडे बघितलं. आईचं घड्याळ होतं. आईचे दिवस झाले, सगळं आटोपल्यावर वहिनीनं ते तिच्या हातात ठेवलं होतं. "आईंनी तुमच्यासाठी सांगून ठेवलं होतं. म्हणाल्या, आता तरी घालेल." तिनं तिथल्या तिथे घातलं होतं आणि मग काढलंच नव्हतं, झोपताना नाही, आंघोळीलाही विसरून एकदा तसंच. खोलीत येणाऱ्या सगळ्यांना वाटीपाशी थांबायची सवय होती. एकटी तीच अशी होती की जिला थांबायची सवयच नव्हती, कारण काढायला कधी काही नव्हतंच. इतकी वर्षं ती त्या वाटीवरून सरळ आत जात होती, आणि तशीच गेली. आजही गेली होती! भटक्या किरणाच्या शोधात, तो किरण हातात बांधून. ती मोठ्यानं हसली, मग त्या हसण्याचा आवाज ऐकून गप्प झाली. आणि मग, हळूहळू, तिला हायसं वाटायला लागलं. खोलीत काहीच वाईट नव्हतं. टकळीला धोका नव्हता. घड्याळ घरी ठेवलं की संपलं. म्हणजे कुणाला काही सांगायची गरजच नव्हती. डावा डोळा शाबूत होता. निवृत्तीपर्यंतची दोन वर्षं निघाली असती, सहज निघाली असती. घरी जाताना तिनं सिग्नलवरच्या हिरव्या माणसाकडे दोन्ही डोळ्यांनी बघितलं आणि तो अगदी ठणठणीत दिसला.

सोमवारी ती घड्याळ घालूनच आली. घरी ठेवायचं म्हणून काढलं होतं, पण मनगट खरंच ओकं दिसलं. दाराशी तिनं ते काढलं आणि वाटीत ठेवलं. खण्ण आवाज झाला.

"अय्या! मॅडम, घड्याळ? तुमचं?" टकळी अंगठी काढता काढता थबकली. "मी तर पैज लावली होती की तुम्हाला वेळ कळतच नाही. आणि किती गोड आहे! चावीचं आहे? माझ्या आजोबांचं होतं असं, ते रोज..."

"चल आत. प्रबंध तुझा आहे, माझा नाही."

आत ती मुद्दामच मागे, भिंतीपाशी उभी राहिली. पोरगी आरसा सरकवू लागली, तोंड चालूच: पुढे घेते, थोडं मागे घेते, मॅडम काल आमच्या खोलीवर काय झालं माहितीये, आता परत पुढे. दोन तांबडे ठिपके असणार, मधला निळा येत नसणार. टकळीचं बोलणं हळूहळू थांबलं. मग तिनं एक सुस्कारा टाकला, कमरेत वाकली, आणि सरावाच्या हातानं, अगदी सहज, अंगठ्यानं चष्मा कपाळावर सरकवला. जराशी मान तिरकी. डावी भुवई वर. भिंतीपाशी उभ्या असलेल्या बाईला आरशात बघावं तसं वाटलं. तो अंगठा तिचा होता, ती तिरकी मान तिची होती.

"डोळे मीट!" ती ओरडली. असं ती आयुष्यात कधी ओरडली नव्हती. "मीट म्हणते ना! खाली बस!" आणि भिंतीवरचं लाल बटण तिनं पंजानं दाबलं.

यंत्र बंद पडलं. पंख्याचा आवाज तेवढा राहिला. टकळी जमिनीवर बसली होती, डोळे घट्ट मिटून, घाबरलेली. "काय झालं? मॅडम, चष्मा क्षणभरच वर केला होता. घालून ठिपका दिसतच नाही ना. तुम्हीसुद्धा..." आणि ती थांबली.

"हो. मीसुद्धा." ती पोरीच्या समोर जमिनीवर बसली, गुडघे कुरकुरले. "उघड आता डोळे. माझ्याकडे बघ. मी हा डोळा झाकते. आता तुझं नाक मला दिसत नाही. नाक नाही, तोंड नाही. केस आहेत, कान आहेत, कानातलं तू आजही काढायला विसरलीयस तेही दिसतंय. मधली तू नाहीस."

 टकळीचा हात कानाकडे गेला, आणि मग तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. ते पुसत ती पुढे सरकून कुजबुजली, "मॅडम, कुणाला कळणारे? मी नाही सांगणार. देवाशपथ. तुम्ही या खोलीशिवाय... मी खरंच कुणाला नाही सांगणार."

हेच तर तिला ऐकायचं होतं, कालपासून. कुणीतरी म्हणावं, मी सांगणार नाही, तू राहा. आता म्हणालं होतं कुणीतरी, आणि तेही प्रेमानं, आणि तिच्या अंगावर काटा आला. चष्मा वर करायला शिकली पोरगी, आता गप्प बसायलाही शिकणार. उद्या हिच्या हाताखाली आणखी एखादी येईल, तिला ही पहिल्या दिवशी तेच भाषण देईल, गरीब दिसणाऱ्या उजेडाचं, आणि दुसऱ्या दिवशी कपाळावर अंगठा. "तू नाही सांगणार म्हणूनच मला सांगायला हवं गं," ती म्हणाली. पोरीला ते कितपत कळलं कोण जाणे. बाहेर येऊन तिनं फोन उचलला आणि सुरक्षा अधिकाऱ्याला लावला. संस्थेत सगळे त्याला हेडमास्तर म्हणत. हेडमास्तरांनी सगळं ऐकून घेतलं आणि अवघडून म्हणाले, "मॅडम, तो नियम... म्हणजे तुम्हीच..."

"मीच लिहिलाय. चांगला लिहिलाय. लागू करा."

खोलीला कुलूप लागलं ते वाटलं होतं तितके दिवस नाही. समितीनं चौकशी केली, संचालकांनी हळहळ व्यक्त केली, आणि तिच्या सांगण्यावरून स्फटिकासमोर एक कॅमेरा कायमचा बसवला, म्हणजे यापुढे कुणाला चष्मा वर करायची गरजच नको. इतक्या वर्षांत हे का सुचलं नाही, असं एकानं विचारलं. ती काय सांगणार? सुचलं होतं. पण कॅमेऱ्यात तो ठिपका नुसता ठिपका दिसतो, आणि तिला तो स्वतःच्या डोळ्यांनी हवा होता. टकळीच्या प्रबंधावर तिचं नाव मार्गदर्शक म्हणून तसंच राहिलं. फक्त दाराच्या आत जायचं नाही.

खोली उघडली त्या दिवशी ती नेहमीच्या वेळी आली. टकळीनं अंगठी, कानातलं, केसांतली पिनसुद्धा वाटीत टाकली, तिच्याकडे एकदा बघितलं आणि आत गेली. दार लागलं. दारावरचा लाल दिवा पेटला. ती बाहेरच्या बाकावर बसली. इथे बसून तिनं ही जागा कधी पाहिलीच नव्हती. भिंतीला ओल होती, खिडकीतून झाडाचा शेंडा दिसत होता, कुणीतरी झाडूवाली लांबून बादली ओढत चालली होती. बसून करायचं काय, हे तिला माहीत नव्हतं. तिनं घड्याळाला चावी दिली. सरळ बघितलं आणि डावा डोळा मिटला की काटे नाहीसे व्हायचे, कडेचे आकडे राहायचे. आकड्यांकडे बघितलं की काटे परत यायचे. मग तिनं दोन बोटं स्वतःच्या मनगटावर ठेवली, आई ठेवायची तिथे, आणि मोजत बसली. पुन्हा पुन्हा मोजलं. आईच्या गुडघ्याचं दुखणं उजवं होतं की डावं, ते तिला आठवेना. रोज ऐकलं होतं.

दार उघडलं. टकळी उंबऱ्यात उभी, चष्मा डोळ्यांवर, चेहरा उजळलेला.

"सापडला, मॅडम!"

तिच्या छातीत ते नेहमीचं हललं. "कसा आहे?"

"आहे आपला." पोरगी घाईत होती, तिला परत आत जायचं होतं, मोजमाप खोळंबलं होतं. "नेहमीसारखाच. तुम्हाला काय सांगायचं!"

ती बाकावर जरा सरकली, शेजारी जागा केली.

"तरी सांग ना गं. काय दिसलं?"

"आत्ता? मॅडम, पडद्यावर नुसता ठिपका तर दिसतो. असं बाहेरून सांगून काय कळणार तुम्हाला?"

"नाही कळलं तरी चालेल," ती म्हणाली. "तू बोल."

टकळीनं तिच्याकडे बघितलं. मग चष्मा काढून हातात घेतला, दार लोटलं, आणि शेजारी येऊन बसली.

"आधी ना," ती म्हणाली, "बराच वेळ काहीच नव्हतं."